अ‍ॅस्बेस्टॉस : दोन हजार वर्षे नुसते नवल, मग तीस वर्षांत जिकडेतिकडे. असे का झाले?

वाटसरू_७७ (धागाकर्ता)

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे टाकतो.

अ‍ॅस्बेस्टॉस माणसाला नवे नाही. फिनलंडमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीची मडकी सापडलीत, त्यांच्या मातीत हे तंतू कालवलेले आहेत. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर अथेना देवीपुढे सोन्याचा दिवा होता, त्यात न जळणारी वात होती असे ग्रीक प्रवासी पॉसेनियस लिहितो. ती सायप्रसच्या अ‍ॅस्बेस्टॉसची असावी असे मानतात. रोमन लेखक प्लिनीने आगीत टाकून स्वच्छ होणारे रुमाल पाहिले होते. म्हणजे गुण सगळे ठाऊक: जळत नाही, विणता येते.

तरीही १८७० पर्यंत हा माल राजेरजवाड्यांना नजराणा म्हणून द्यायच्या पलीकडे गेला नाही. आणि मग १९०० उजाडेपर्यंत इंजिनात, बॉयलरवर, नाटकगृहाच्या पडद्यात, छपरावर, सगळीकडे तेच. खाणी सापडल्या म्हणून वापर वाढला, की वापर हवा होता म्हणून खाणी काढल्या? माझे मत: खाणी आधी. कॅनडात क्वेबेकला १८७६ मध्ये मोठा साठा सापडला, त्यानेच सगळे बदलले. तुम्हाला काय वाटते?


खवट

पहिला! होलिकेची ओढणी कसली होती ते कुणी सांगणार आहे का, की मीच सांगू?


मोडीवाचक

खवटराव, सांगितलेत तर उद्या ते फॉरवर्ड होऊन माझ्याच आत्याकडून मला परत येईल, तेव्हा नको.

पण थट्टा बाजूला ठेवू. दुर्गासप्तशतीच्या पाचव्या अध्यायात चंड-मुंड शुंभाच्या वैभवाची यादी देतात, त्यात अग्नीने दिलेली 'अग्निशौच' वस्त्रे आहेत, म्हणजे आगीत शुद्ध होणारी. असे कापड आहे एवढी वदंता आपल्याकडे नक्की पोचलेली होती. ते इथे कुणी खणत होते असे मात्र यावरून म्हणता येणार नाही.

चीनमधला किस्सा जास्त झकास आहे. वेई घराण्याचा सम्राट त्साओ पी याने लिहून ठेवले की आगीत धुता येणारे कापड असूच शकत नाही. बादशहाचेच लिखाण, त्यामुळे ते दगडावर कोरले गेले. पुढे इ.स. २३९ मध्ये पश्चिमेकडचे वकील खुद्द तेच कापड नजराणा म्हणून घेऊन दरबारात हजर! तोवर सम्राट वारला होता. दगडावरचा तेवढा मजकूर मुकाट्याने खरवडून काढावा लागला.


खवट

आपल्याकडे दगड ठेवून कापड फाडले असते. हलके घ्या.


सांजवात

प्लिनीवरून आठवले. अ‍ॅस्बेस्टॉस विणणाऱ्या गुलामांच्या छातीला रोग व्हायचा आणि ते तोंडाला प्राण्याच्या मूत्राशयाचे मुखवटे बांधायचे, असेही त्यानेच लिहिलेय ना? म्हणजे धोका दोन हजार वर्षांपूर्वीच माहीत होता. एवढे माहीत असून पुढे कंपन्यांनी जे केले त्याला तोड नाही.


मोडीवाचक

सांजवातताई, हे सगळीकडे छापलेले असते, अगदी वैद्यकीय लेखांतसुद्धा, पण मूळ ग्रंथात तसे नाही. मूत्राशयाच्या कातड्याचे मुखवटे तिथे आहेत, पण ते हिंगूळ कुटणाऱ्या मजुरांचे. हिंगुळात पारा, म्हणून तोंड झाकायचे. अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल प्लिनी लिहितो ते कौतुकच: मिळायला दुर्मीळ, विणायला अवघड कारण तंतू आखूड, आणि राजांच्या प्रेताला गुंडाळायला वापरतात म्हणजे राख वेगळी राहते. कुणीतरी दोन उतारे एकत्र शिवले आणि ते शिवण आजवर उसवलेले नाही.

फ्रँक सम्राट शार्लमेनचा टेबलक्लॉथही त्याच माळेतला. जेवण झाले की तो चादर आगीत टाकून पाहुण्यांना घाबरवायचा म्हणे. त्याच्या काळातल्या एकाही कागदात हे सापडत नाही.

मार्को पोलोचे मात्र खरे मानायला जागा आहे. तेव्हा युरोपात समजूत होती की हे कापड सॅलॅमँडर नावाच्या आगीत राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचे. तो स्पष्ट सांगतो की प्राणी वगैरे काही नाही, हे डोंगरातून खणून काढतात. खणून वाळवायचे, मोठ्या खलात कुटायचे, धुवायचे, माती गेली की लोकरीसारखे तंतू उरतात ते कातायचे. झुल्फिकार नावाचा तुर्क सोबती खाकानसाठी (कुबलाई खानासाठी) त्या मुलखात हे काम करवून घेत होता, त्याच्याकडून ऐकलेले आहे.


सांजवात

बरं, प्लिनी सुटला. कंपन्या सुटत नाहीत.


गारगोटी

भूगर्भशास्त्राची माणसे इथे कमी फिरकतात म्हणून थोडे सविस्तर.

अ‍ॅस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नाही. जी खनिजे बारीक, चिवट, लवचीक तंतूंत उलगडतात त्या सगळ्यांना मिळून व्यापारात हे नाव पडले. दोन घराणी. एक सर्पेंटाइनचे, त्यातले क्रायसोटाइल म्हणजे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस. दुसरे अँफिबोलचे, त्यात निळे क्रोसिडोलाइट, तपकिरी अमोसाइट, ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट. फिनलंडच्या मडक्यांतले अँथोफिलाइट.

हिरवट काळ्या सर्पेंटाइन खडकात क्रायसोटाइलच्या शिरा पाहिल्यात का कुणी? शीर असते बोटाएवढी नाहीतर त्याहून बारीक, आणि तंतू शिरेच्या लांबीत नव्हे तर आडवे, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. त्यामुळे तंतूची लांबी म्हणजे शिरेची रुंदी. ताज्या तुकड्यावर रेशमी चमक असते, आणि नखाने खरवडले की दगडाचा चक्क कापूस होतो. (आता खरवडू नका. आम्ही कॉलेजात खरवडले.)

जुन्या जगाला मिळत होते ते बहुतेक इटलीच्या आल्प्समधले किंवा सायप्रसचे, थोडे थोडे. इटलीचा तंतू लांब, पण बराचसा राठ आणि ठिसूळ. वाल्तेल्लीनाजवळच्या कान्दिदा लेना पेरपेंती नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो चिकाटीने कातून सूत, जाळीकाम, लिहायचा कागदसुद्धा केला. त्याच सुमारास ज्योव्हान्नी अल्दिनीने बंबवाल्यांसाठी अ‍ॅस्बेस्टॉसचा अंगरखा आणि वरून तारेची जाळी असा पोशाख करून पॅरिस-लंडनला प्रयोग दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, विकत कुणी फारसे घेतले नाहीत.

क्वेबेकचा तंतू आखूड, पण मऊ, चिवट आणि कातता येणारा. आणि मुख्य म्हणजे डोंगरच्या डोंगर. त्यामुळे वाटसरूंच्या बाजूने माझे अर्धे मत.


खवट

अल्दिनी म्हणजे गॅल्व्हानीचा भाचा ना? १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेताला विजेचे झटके देऊन हलवून दाखवले होते तो? माणूस बहुउद्देशीय होता. आधी मेलेल्यांना हलवले, मग जित्यांना आगीत घातले.


प्राजक्ता_मॉन्ट्रिअल

थेटफर्ड माइन्सला जाऊन आलेय, म्हणून लिहिते. मॉन्ट्रिअलहून गाडीने तीन तासांच्या आत. गाव यायच्या आधीच राखाडी डोंगर दिसायला लागतात. ते डोंगर नव्हेतच, शंभर-सव्वाशे वर्षांचा खाणीचा उपसा आहे. त्यांच्यावर धड गवतही उगवत नाही. घरे, चर्च, किराणा दुकान, आणि मागे तो ढीग.

तिथल्या संग्रहालयात सांगतात ती गोष्ट: जोसेफ फेक्टो नावाच्या शेतकऱ्याला १८७६ मध्ये हा दगड मिळाला. जमीन खडकाळ, शेतीला कवडीमोलाची. १८७८ मध्ये खाणकाम सुरू झाले, पहिल्या वर्षी निघाले ५० टन. जवळून नवी रेल्वे जात होती म्हणून माल बाहेर नेता आला. दगड हातोडीने फोडून तंतू सुटा करायचे काम शेडमध्ये बसून चालायचे, त्यात बायका-मुलीही असायच्या. यंत्राने दळण्याच्या गिरण्या १८९० च्या आसपास आल्या.

दुसरे गाव ज्याचे नावच अ‍ॅस्बेस्टॉस होते. १९४९ चा तिथला संप क्वेबेकच्या राजकारणात फार मोठा मानतात. मागण्यांत धूळ कमी करा हीसुद्धा होती. २०२० मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून नाव बदलले, आता वाल-दे-सूर्स. म्हाताऱ्यांना ते अजिबात आवडलेले नाही. एका आजोबांनी मला ठणकावून सांगितले की त्या खाणीने आमची तीन पिढ्यांची पोटे भरली, नाव बदलून काय होणार.


शाळामास्तर

तारेची जाळी! आमच्या प्रयोगशाळेत तिवईवर ठेवायची ती जाळी, मध्ये पांढरा गोल, तो अ‍ॅस्बेस्टॉसच होता. खाली स्पिरिटचा दिवा, वर चंचुपात्र. मुलांच्या हातून पडून पडून गोलाचे पापुद्रे निघायचे आणि शिपाईमामा ब्रशने झटकून कपाटात ठेवायचे. आता नव्या जाळ्यांत तो सिरॅमिकचा असतो, पण जुन्यांचा एक खोका अजून आहे. काय करू त्याचे?


बॉयलरमामा

वाटसरू, तुमचे उत्तर बॉयलर हाउसमध्ये आहे. मी मुंबईतल्या एका कापडगिरणीत फिटर म्हणून लागलो आणि शेवटपर्यंत वाफेवरच काढली.

इंजिन असो की पंप, दांडा आत-बाहेर होतो तिथून वाफ निसटू नये म्हणून दांड्याभोवतीच्या खाचेत, म्हणजे ग्लँडमध्ये, दोरी ठासतात. ते ग्लँड पॅकिंग. जुने पॅकिंग आकड्याने ओढून काढायचे, नवी दोरी दांड्याभोवती मापून तिरकी कापायची, एकेक वळे आत बसवायचे, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. वरून ग्रॅफाइट.

जेम्स वॉटच्या काळात वाफेचा दाब अगदी बेताचा, हवेच्या दाबाच्या जेमतेम वर. तिथे ताग-अंबाडीची दोरी आणि चरबी यावर भागत होते. पुढे दाब वाढवत नेला, कारण त्यात कोळसा वाचतो. चौरस सेंटिमीटरला दहा किलो दाब झाला की वाफेचे तापमान १८० अंशांच्या वर जाते. तिथे ताग काळा पडून भुगा होतो, चरबीचे आम्ल होऊन ती धातू खाते. दर आठवड्याला इंजिन उघडायचे का? तेव्हा तुम्ही कितीही खाणी शोधा, हा दाब नसता तर त्या दगडाला गिऱ्हाईक नव्हते. मागणी आधी.

दुसरा वापर लॅगिंगचा. पाइपातली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून वरून लेप. गोणी फोडायची, पूड घमेल्यात ओतायची, पाणी घालून हातानेच चिखल करायचा आणि पाइपावर थापायचा. वाळला की दुसरा थर, वरून कापड गुंडाळून रंग. जुने लॅगिंग फोडायला लागलो की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे सगळे पांढरे. कुणी कधी काही सांगितले नाही. आमच्यातल्या लॅगरांपैकी दोघे दम्यानेच गेले असे आम्ही म्हणायचो. दमा होता की काय होते, आता कोण सांगणार.


वाटसरू_७७

मामा, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. दाबाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण मग मागणी होती तर इटलीचा माल का नाही पुरला?


गारगोटी

पुरेल एवढा नव्हताच. आणि इथे एक गंमत बघा. लँकेशायरमधल्या रॉचडेलला टर्नर बंधूंनी १८७१ मध्ये धंदा काढला तो इंजिनाला लागणारे सुती पॅकिंग बनवण्याचा. मामा म्हणतात त्याच अडचणीने १८७९ मध्ये ते अ‍ॅस्बेस्टॉस यंत्रमागावर विणू लागले. यंत्रे जवळजवळ कापसाचीच: पिंजण, कताई, विणाई. नुसता दगडी तंतू गुळगुळीत, त्याला पीळ धरत नाही, म्हणून थोडा कापूस मिसळायचा. म्हणजे वाफेची गरज, कापसाचे कसब आणि क्वेबेकचा दगड, तिन्ही एकाच दशकात जमले.

अमेरिकेत हेन्री वॉर्ड जॉन्सने त्याआधीच, १८५८ पासून, छपराला लावायचे अ‍ॅस्बेस्टॉसमिश्रित लेप विकायला सुरुवात केली होती. तो १८९८ मध्ये वारला, मृत्यूचे कारण फुप्फुसात धूळ बसून झालेला विकार असे नोंदलेय.

आता पत्र्याकडे. लांब तंतू विणायला जायचा, भाव खायचा. पण खडक फोडला की आखूड चुराच जास्त निघतो, त्याला किंमत नव्हती. ऑस्ट्रियात लुडविग हाट्शेकने १९०० च्या सुमारास कागद बनवायचे यंत्र घेतले, लगद्याऐवजी सिमेंट आणि हा आखूड तंतू पाण्यात कालवून घातला, आणि थरावर थर चढवत कडक, पातळ पत्रा काढला. नाव ठेवले इटर्निट. खाणवाल्यांचा खालच्या प्रतीचा माल त्यामुळे खपू लागला. पुढे जगातल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्वांत मोठा वाटा याच कामी गेला.


पत्रेवाला_सांगली

घ्या, आलाच आमचा विषय. दुकानात कुणी अ‍ॅस्बेस्टॉस मागत नाही, 'सिमेंटचा पत्रा' मागतात. गंजत नाही, पावसाचा आवाज कमी, लोखंडी पत्र्यापेक्षा तापतो कमी, आणि स्वस्त. गोठा, शेड, गरिबाचे घर, दुसरे काय घालणार? आपल्याकडे पत्र्यावर बंदी नाही. पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये पक्का बसलेला असतो. उगाच घबराट पसरवू नये.


स्टेथो

पत्रेवालेसाहेब, शाबूत पत्रा छपरावर पडून असतो तोवर फार काही उडत नाही, मान्य. पण तुमच्याच दुकानात करवतीने कापतात तेव्हा? भोक पाडताना? वीस वर्षांनी तुकडे करून रस्त्याकडेला टाकतात तेव्हा? पांढऱ्यासकट सगळ्याच प्रकारांनी कॅन्सर होतो यावर आता वाद उरलेला नाही.

सांजवातताईंच्या मुद्द्याला खरे पुरावे आहेत, त्यासाठी रोमनांची गरजच नाही. १८९८ मध्ये ल्यूसी डीन या ब्रिटिश कारखाना निरीक्षक बाईंनी अहवालात लिहिले की ही धूळ सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखी टोकदार दिसते आणि ती घातक आहे. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. मॉन्टेग्यू मरी यांच्याकडे ३३ वर्षांचा कामगार आला. चौदा वर्षे अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात, त्यातली पहिली दहा पिंजणखात्यात. त्याने सांगितले, त्या खोलीत आम्ही दहा जण होतो, मी एकटा उरलोय. तोही १९०० मध्ये गेला. १९०६ मध्ये सरकारी समितीपुढे मरींनी हे सांगितले, पण आता कारखाने धुळीची बरीच काळजी घेतात असे ऐकतो, असेही जोडले. आजार भरपाईच्या यादीत आला नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ओरिबो नावाच्या निरीक्षकाने नॉर्मंडीतल्या एका कारखान्यातल्या पन्नासेक मृत्यूंबद्दल लिहिले. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्या या कामगारांचा विमा नाकारत होत्या. विमावाल्यांना डॉक्टरांआधी कळते हे आमच्या धंद्याचे जुने दुखणे.

१९२४ मध्ये रॉचडेलच्या कारखान्यातली कामगार नेली कर्शॉ ३३ व्या वर्षी गेली, डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसांवर निबंध लिहिला. १९३० मध्ये कारखाना निरीक्षक मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगार तपासले, सुमारे एक-चतुर्थांशांना फुप्फुसाचा आजार. वीस वर्षांवर काम केलेल्यांत पाचांतल्या चौघांना. मग नियम आले, आणि तेही फक्त ब्रिटनमधल्या कारखान्यांना. १९३४ मध्ये आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या कैमूरला सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना सुरू झाला तेव्हा हे सगळे छापून झालेले होते.


सांजवात

+१००० स्टेथो. आणि खाणीतल्या लोकांचे काय?


गारगोटी

त्यांचे कुणी फार काळ मोजलेच नाही. दक्षिण आफ्रिकेत केप प्रांतात निळे अ‍ॅस्बेस्टॉस १८९३ पासून निघते. घरेच्या घरे डोंगरात जाऊन दगड काढायची, बायका-पोरे हातोडीने तंतू सुटा करायची, आणि कंपनी तो विकत घ्यायची. १९४९ मध्ये तिथल्याच ट्रान्सवाल प्रांतात पेंगेच्या खाणीवर शेपर्स नावाच्या डॉक्टरने पाहिले की पोरांना पोत्यांत उभे करून अमोसाइट पायाने तुडवून दाबून घेतात. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरचे ३३ रुग्ण दाखवले, बहुतेकांचा त्या निळ्या पट्ट्याशी संबंध, आणि कित्येक जण खाणीत कामालाही नव्हते, नुसते जवळ राहत होते.

आपल्याकडे झारखंडात चाईबासाजवळ रोरोची टेकडी. खाण १९८३ मध्ये बंद झाली, उपसा अजून उतारावर आहे.


खवट

एक अवांतर. १९५२ ते ५६ अमेरिकेत केंट नावाची सिगारेट मिळायची, तिच्या फिल्टरमध्ये निळे अ‍ॅस्बेस्टॉस होते. जाहिरात काय? आरोग्याला सर्वांत सुरक्षित फिल्टर. यावर विनोद करायला मला काही उरलेच नाही.


संपादक

पत्र्यावरच्या बंदीची चर्चा वेगळ्या धाग्यात न्यावी. इथे इतिहासावर बोलू या. (१९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या कामगारांबाबतच्या निकालावर कुणी स्वतंत्र लिहिणार असेल तर स्वागत.)


मोडीवाचक

तर मूळ प्रश्न. खाण आधी की मागणी? याचा निकाल लावायला रशिया बरा. उरल पर्वतात नेव्ह्यान्स्कजवळ अ‍ॅस्बेस्टॉस १७२० च्या दशकातच मिळाले होते. देमिदोव घराण्याच्या कारखान्यांतून कापड, हातमोजे, पिशव्या निघाल्या, पीटर द ग्रेटला नमुने दाखवले. पुढे सगळे थंड. कारण घेणार कोण? त्याच सुमारास तरुण बेंजामिन फ्रँकलिन लंडनला अशीच एक पिशवी घेऊन गेला आणि १७२५ मध्ये हॅन्स स्लोन या संग्राहकाला विकून मोकळा झाला. तिचा तेवढाच उपयोग होता. त्याच उरलमध्ये १८८५ मध्ये बाझेनोवोचा साठा सापडला तर तिथे आख्खे शहर वसले, नावच अस्बेस्त, आणि ती खाण आजही चालू आहे. डोंगर तोच. बदलली ती गिऱ्हाइके.


वाटसरू_७७

तरी स्वस्ताईचा मुद्दा राहतोच. क्वेबेकने भाव पाडले नसते तर पॅकिंगपुरतेच राहिले असते, छपरावर चढले नसते.


स्टेथो

@शाळामास्तर, तो खोका राहून गेला. झटकू नका, तोडू नका. जाळ्या पाण्याने ओल्या करून दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करा, वर ठळक लिहा, आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या. भंगारवाल्याला तर अजिबात नको.


बॉयलरमामा

वाटसरूंचे छपरापुरते मान्य. पण आमच्याच गिरणीत थंड पाण्याच्या पंपाला शेवटपर्यंत तागाची दोरी आणि ग्रीसच होते. अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी स्टोअरमध्ये पडलेली असायची, मागितली तर स्टोअरकीपर विचारायचा, वाफ आहे का तिथे? नसेल तर ताग घेऊन जा.